विठ्ठलाचा ‘ठ्ठ’ आणि बालीची अक्षरं

मा. संपादक,
स. न.

अमळनेरला मी ३८ वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानं, शाळा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सावदा-रावेरकडचे केळीचे ट्रक. आता हात थरथरतो, म्हणून ब्रश ठेवला. परवा भाचा बालीहून फिरून आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, “मामा, हाई देखा.” तिथल्या एका दुकानाची पाटी होती. वर बाली लिपी, खाली रोमन. पाट्यांवर आपली लिपी वरच हवी, असा नियमच तिथल्या गव्हर्नरांनी २०१८ मध्ये केला आहे.

भाच्याने ताडपत्राची एक पट्टीही आणली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, वर माझं नाव. भिंग लावून बघत बसलो. त्यात शाईच नाही. ‘पेंग्रुपाक’ नावाच्या छोट्या पात्याच्या टोकाने अक्षर कोरतात, डाव्या हाताचा अंगठा पात्याला आधार देतो. कोरताना धड काही दिसत नाही. मग केमिरी नावाचं तेलकट बी जाळून केलेली काजळी पानावर चोळायची आणि पान पुसून काढायचं. काळं राहतं ते फक्त चिरांमध्ये, आणि तेव्हा कुठे ओळ दिसू लागते. माझा ब्रश घसरला तर मी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून घ्यायचो. इथे गेलेला चरा गेलाच.

माझ्या नावात ‘दत्त’ आहे. पट्टीवर एका ‘त’खाली दुसरा ‘त’ टांगलेला दिसला. अशा टांगलेल्या अक्षराला तिकडे ‘गंतुंगन’ म्हणतात, अर्थही टांगणं असाच. आपल्यासारखा पाय मोडायची खूण त्यांच्याकडेही आहे, ‘अदेग-अदेग’. पण ओळीच्या मध्ये ती सहसा येत नाही, तिथे पुढचं अक्षर खाली जातं. आपल्या देवनागरीसारखी तीही जुन्या ब्राह्मी लिपीच्याच कुळातली, हे डोळ्यांनी पाहिलं. आणि गेल्या आषाढीला आमच्या गल्लीत फ्लेक्स लागला होता, त्यावर ‘विठ्‌ठल’! ‘ठ’चा पाय मोडून दोन्ही ‘ठ’ शेजारीशेजारी उभे केलेले. देवाचं नाव असं मोडलेलं पाहून मला जेवण गेलं नाही.

बालीत दर २१० दिवसांनी सरस्वतीचा दिवस येतो. पोथ्यांची पूजा होते, त्या दिवशी वाचन-लेखन बंद. भाचा हे सांगत होता आणि मला दसऱ्याची पाटी आठवत होती. एक-एक आकडा जोडून काढलेली सरस्वती, वर हळदकुंकू. आपलंही तेच आहे हो! फरक इतकाच, की तिथे जुन्या पोथीची अक्षरं अजून हाताने कोरली जातात.

आजोबांचे जमिनीचे मोडी कागद आमच्या ट्रंकेत आहेत. जन्मभर अक्षरं काढली, पण त्यातली ओळ मला वाचता येत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मोडी दप्तरं पाहिली तेव्हा हे फार लागलं. मोडीत आधी ओळभर रेघ मारायची, मग बोरू होईल तितका न उचलता अक्षरं तिच्याखाली जोडत न्यायची. शब्दांत जागा सोडायची नाही. बालीतही शब्द असेच सलग जातात. ते वळण कागदावर बघून येत नाही, बोटांत उतरावं लागतं.

म्हणून एक मागणं आहे. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक मोडी अक्षर छापा. तळहाताएवढं मोठं, बोरू कुठे टेकवायचा आणि कुठे वळवायचा ते बाणांनी दाखवलेलं, शेजारी मुलांना गिरवायला मोकळा चौकोन. अक्षरं मोडीच्या जाणकारांकडून घ्यावीत. चौकटी आणि मापं आखून द्यायला मी तयार आहे, पट्टी धरून रेघ अजून सरळ येते. दसऱ्याच्या अंकापासून ‘अ’ने सुरुवात करता येईल का, ते कळवावं.

आपला वाचक,
एक निवृत्त पेंटर
अमळनेर, जि. जळगाव