वेण्या घालून देणाऱ्या आशाताईंना

आशाताई,

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांपुढे ठेवतेय. माझ्या भाचीला नावं ठेवणाऱ्यांनी ती चारचौघांत ठेवली होती. मग आभारही चारचौघांतच मानलेले बरे.

ती नाशिकला पेठ रोडला माझ्याकडे आली तेव्हा सोळाची होती आणि पाचवा महिना सरत आला होता. माझी बहीण-मेव्हणे पेठ तालुक्यातले. भात निघालं की पोटासाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शाळेला जायला पास फुकट आहे, पण गाडी फाट्यावर सोडते आणि तिथून रानातून एकटीने चालत यायचं. शाळा तिथेच सुटली. आईबाप बागेत, पोरगी घरात एकटी. मग जो तो सांगू लागला, उजवून टाका. थोरल्या चुलत बहिणीच्या मांडवातच हिचंही उरकलं, म्हणजे जेवणावळीचा खर्च एकदाच. नवरा मुलगाही एकोणीसचाच, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. आणि वर्षाच्या आत पाळणा हलला नाही तर शेजारणी सासूला विचारायला मोकळ्या! गोळ्या-साधनांचं बोलायचं तर नवऱ्याशी बोलावं लागतं, आणि ही तर त्याच्यासमोर मान वर करत नव्हती.

यात वाह्यातपणा कुठे आला? तरी लोक तोच शोधत होते.

आशा सेविका म्हणून तुम्हीच एका बैठकीत सांगितलं होतं, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या सात-आठ मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. बालविवाह लावणाऱ्यालाही २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही तुम्ही सांगितलंत. पण त्या मांडवात पत्रिका न छापता तोंडी आवतण देत फिरलेले गावचे मोठे लोक जिलेबी खाऊन, हात धुऊन गेले. आज तेच म्हणतात, आम्हाला काय ठाऊक पोरीचं वय!

तुमच्याआधी आम्ही एका दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या बाईंनी केसपेपरवरचं वय वाचलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “एवढी काय घाई झाली होती गं?” दुसऱ्या ठिकाणी अठराच्या खालचं वय ऐकूनच हात जोडले. सासरचे फोनवर एकच घोकत होते, एकोणीस सांग, नाहीतर पोलीस येतील. डॉक्टरांना कळवावंच लागतं, हे मला मान्य आहे. पण त्याच धाकाने किती पोरी नऊ महिने घरात दडवल्या जात असतील, त्यांचं रक्त कोण तपासणार? हिचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. माझ्याशीही बोलेना.

पुढचे कागद, जबाब, खेटे यांत मी शिरत नाही. तुम्ही सोबत होतात, एवढं पुरे. मला सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा वही उघडलीच नाहीत. तिचा अंबाडा सुटून केसांच्या जटा झाल्या होत्या. माझ्याकडे फणी मागितलीत आणि तिच्या मागे बसलात. मी तुम्हाला तिची हकीकत सांगायला लागले, तर म्हणालात, “मावशी, तुम्ही चहा टाका.” मग तिला विचारलंत, “एक घालू का दोन?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दोन.”

ताई, त्या पोरीला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं हो. लग्न ठरवताना नाही, शाळा सुटताना नाही, दवाखान्यात तर नाहीच. सगळे तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते, मीसुद्धा. तुम्ही ते केस असे सोडवलेत की एकदाही ती ‘आई गं’ म्हणाली नाही. दुसऱ्या वेणीला रबर लावेपर्यंत ती तुम्हाला सांगत होती, गणित आवडायचं, इंग्रजीची भीती वाटायची.

आशांना कामागणिक मोबदला मिळतो म्हणतात. वेणी घालण्याचा रकाना त्या फॉर्मात कुठे असणार! वाढीव मानधनासाठी तुम्ही मुंबईला मोर्चात गेलात तेव्हा आमच्याच गल्लीत कुणीतरी म्हणालं, यांना काम नको. मी त्या माणसाला काय ऐकवलं ते इथे लिहित नाही. चांगलं वागायला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही, हे आपण नुसतं म्हणतो. पण दिवसभर उन्हात दारं झिजवून आलेल्या बाईने परक्या पोरीचा गुंता सोडवत तासभर बसायचं, हे मी तरी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही.

बाळ आता रांगतं. रक्ताच्या गोळ्या भाची न विसरता घेते. दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायचं तिच्या मनात आहे, आणि नवराही ‘भर’ म्हणतोय. गणिताचं पुस्तक वस्तीतल्या एका मुलाकडून आणलंय, इंग्रजीचं अजून मिळालेलं नाही. तुमच्या लेकीचं जुनं असेल तर या रविवारी घेऊन या. नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं करते. दुपारनंतर या, सकाळी मी कामावर असते.

तुमची,
पेठ रोडची मावशी