गणपती झाले, आता निवांत लिहिते

कात्र बोर्न, मॉरिशस
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय आई, बाबा,
आजीला साष्टांग नमस्कार.

बाळू हे तुम्हाला वाचून दाखवेल. बाळू, आजीला ऐकू जाईल असं मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस, शेवटी तुझ्याबद्दल आहे तेही गाळायचं नाही.

रोज फोन होतोच मग पत्र कशाला असं बाबा म्हणतील. पण फोनवर आई आधी विचारते जेवलीस का, मग रेंज जाते, मग बाबा म्हणतात ठेव आता बिल वाढेल, (बाबा, बिल वाढत नाही, व्हॉट्सॅपवर असतं ते सगळं) आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज सुट्टीचं बसून सगळं एकदम लिहिते.

मी बरी आहे. वजन कमी झालेलं नाही, फोटोत चेहरा उतरलेला दिसला तो मागून ऊन येत होतं म्हणून. स्वयंपाक रोज करते, डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे, नारळ सगळं मिळतं. कंटाळा आला की कोपऱ्यावरची ढोल पुरी खाते, आपल्या पुरणपोळीसारखीच डाळ भरलेली पण गूळ न घालता, हळद-जिरं घालून, आणि ती नेहमी दोन-दोनची जोडीच मिळते. पोट भरतं. उपाशी कोणी राहत नाही इथे.

यंदाही गणपतीला आले नाही, तिसरं वर्ष झालं. आई, तू काही बोलली नाहीस, पण तू जो पंगतीचा फोटो पाठवलास त्यात नैवेद्याचं सोडून पाच पानं मांडलेली होती आणि घरात तुम्ही तर चौघंच. मी दोनदा मोजली. पाचवं कोणाचं ते विचारायचं फोनवर धाडस झालं नाही.

पण गणपतीत मी एकटी नव्हते बरं का. तुमच्याकडे २७ ऑगस्टला बसले, इथली सरकारी सुट्टी २८ ला होती, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी, कारण इथे दीड दिवसाचा गणपती. घरमालकीण मावशी मूळच्या मराठीच, पाच पिढ्यांपूर्वी त्यांची माणसं ऊसतोडणीला म्हणून बोटीने इथे आली. घरी बोलणं सगळं इथल्या क्रिओल भाषेत पण आरती मराठीतच म्हणतात, नातवाला शाळेत मराठी विषय आहे तो पुस्तकात बघून म्हणतो आणि मावशी डोळे मिटून. मी २७ ला त्यांच्याकडे एकवीस उकडीचे मोदक केले, कळ्या तुझ्यासारख्या नाही आल्या आई, पण एकही फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे फ्लिक-ऑं-फ्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे विसर्जनाच्या आधी पुरुषांनी गोल करून ढोलकी-झांजांवर नाच केला, त्याला ते झाकरी म्हणतात. बाबा, आपली जाखडीच हो! तेच पाय टाकणं, तेच वाकून परत उभं राहणं, गाण्यातले अर्धे शब्द मला कळत नव्हते पण पुढचं पाऊल कुठे पडणार ते मला आधीच माहीत होतं. मी उभी होते तिथेच मला रडू आलं, मावशींनी हात धरला. आनंदाचंच होतं ते, काळजी करू नका.

समुद्र मात्र आपल्यासारखा नाही. आंजर्ल्याला ओहोटी लागली की पाणी कुठल्या कुठे जातं आणि भरतीला परत बंधाऱ्याला लागतं, इथे भरती-ओहोटी जेमतेम दीड-दोन फुटांची. बाहेर प्रवाळाची भिंत आहे त्यामुळे लाटा तिकडेच फुटतात, आत पाणी तळ्यासारखं. गणपती घेऊन चालतोय चालतोय तरी पाणी गुडघ्यालाच, खाली प्रवाळाचे तुकडे पायाला टोचतात, कमरेपर्यंत पाणी यायला बरंच आत जावं लागलं. मूर्ती सोडली तर ती हललीसुद्धा नाही, होती तिथेच हळूहळू खाली बसली. आपल्याकडे लाट येऊन घेऊन जाते ना, तसं नाही. मला ते बघवलं नाही जरा.

आता वादळाचं. आईने टीव्हीवर हिंदी महासागर एवढंच ऐकलं तरी मला फोन येतो. आई, वादळाचे दिवस नोव्हेंबर ते एप्रिल-मे, आत्ता नाहीत, आत्ता थंडी संपतेय. इथे सगळं उलटं, जून ते सप्टेंबर थंडी, तू दिलेलं स्वेटर जुलैत रोज घातलं, आणि आंबे डिसेंबरात. वादळ यायचं असलं की एक ते चार नंबर लावतात, एक लागला की लोक पाणी भरून मेणबत्त्या आणून ठेवतात, तीन लागला की सगळं बंद, घराबाहेर पडायचं नाही. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळ आलं तेव्हा राजधानीत, पोर्ट लुईत, रस्त्याला पूर येऊन गाड्या वाहून गेल्या ते व्हिडिओ तुम्ही बघितलेत, पण पोर्ट लुई खाली समुद्राला लागून, मी वर चढावर राहते आणि त्या दिवशी घरातच होते. आणि घर स्लॅबचं आहे. १९६० साली लागोपाठ दोन मोठी वादळं आली त्यात पत्र्याची आणि गवताची घरं उडाली, मावशी त्यांच्या आईकडून ऐकलेलं सांगतात, तेव्हापासून बहुतेक सगळी घरं सिमेंटचीच बांधायला लागले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आपण पाचही जण माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो आणि वरून कौलं जात होती, पोफळी मोडल्याचे आवाज येत होते, तसं इथे काही नाही. खरं सांगायचं तर वादळात मला तुमचीच भीती वाटते, माझी नाही.

लांब लांब म्हणून आजी रडते असं बाळू म्हणाला. आजी, मुंबईहून थेट विमान आहे, सहा-सव्वासहा तास लागतात, दापोली-मुंबई एसटीलाही तेवढाच वेळ लागतो. आणि हा अख्खा देश म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा चौथा भाग, हरवायला जागाच नाही. रात्री ऑफिसातून मेट्रोने येते, स्टेशनपासून घर सात मिनिटं, रस्त्याला दिवे आहेत.

आता ते गालाला गाल लावण्याचं. आत्याने माझ्या वाढदिवसाचा फोटो बघून आईला काहीतरी विचारलं असं कळलं, म्हणून नीट सांगते, तिलाही वाचून दाखवा. त्याला इथे बीझ म्हणतात, फ्रेंच लोकांचं आहे, ते गेले पण हे राहिलं. सकाळी ऑफिसात पोचलं की बॅग ठेवायच्या आधी एकेकाच्या टेबलाशी जायचं, थोडं वाकायचं, एक गाल लावायचा, मग दुसरा. ओठ लागत नाहीत, नुसता हवेत आवाज करायचा. चष्मा असेल तर जरा जपून. पुरुष-पुरुष हात मिळवतात, बायका मात्र सगळ्यांशी करतात, मग तो साहेब असो, चहा देणारी मावशी असो, नाहीतर घरी पाहुण्यांच्या रांगेत उभी असलेली पाच वर्षांची पोर असो. जातानाही परत. दहा माणसं असली तर दहा जणांशी. कोरोनात बंद पडलं होतं, काही ठिकाणी अजून लांबूनच नमस्कार होतो, पण आमच्याकडे परत सुरू झालं. मी पहिल्या आठवड्यात हात जोडायचे, कोणी काही म्हणालं नाही, पण नंतर एकदा घाईत एकीला चुकवलं तर ती दुपारी डबा घेऊन माझ्याकडे आली आणि विचारायला लागली, काही चुकलं का माझं. आपल्याकडे घरी आलेल्याला पाणी विचारतात ना तसं धरा. विचारलं तर त्यात विशेष काही नाही, नाही विचारलं तर माणूस दुखावतो. फोटोत जो मुलगा आहे तो आमच्या शेजारच्या विभागातला, त्याला बायको आणि दोन मुली आहेत आणि तो फोटो त्याच्या बायकोनेच काढलाय.

हे लिहिताना मनात आलं ते लिहून टाकते. दोन वर्षं मी रोज सकाळी दहा परक्या माणसांना गाल लावते आणि आई, तुला मी कधी नीट जवळ घेतल्याचं आठवत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात निघताना विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले पासपोर्ट बघ, आणि मी खरंच पासपोर्ट बघायला लागले. पुढच्या वेळी मी आले की तुला घट्ट धरणार आहे, संकोचू नकोस.

आणि एक राहिलं, रागावू नका. एप्रिलमध्ये मला चिकुनगुनिया झाला होता, तेव्हा इथे साथच होती. ताप चार दिवसांत गेला, सांधे महिनाभर दुखले, म्हणून तेव्हा मी व्हिडिओ कॉल न करता नुसता फोन करत होते. मावशींनी पेज करून दिली, डॉक्टरांना दाखवून झालं, रजाही मिळाली. आता काही नाही, जिने चढते उतरते. तेव्हा सांगितलं असतं तर आई रात्रभर जागली असती आणि करता कोणालाच काही आलं नसतं. पण लपवायला नको होतं, चुकलं माझं.

आता मुद्द्याचं. उद्यापासून पितृपक्ष, मग पंधरा दिवस घरात कोणी लग्नाचा विषय काढणार नाही, म्हणून आजच लिहायला बसले.

चिपळूणच्या स्थळाला नाही म्हणून कळवा. मुलगा चांगला आहे, माझं दोनदा बोलणं झालं, पण त्यांना मी डिसेंबरात नोकरी सोडून यायला हवी आहे आणि मी ऑगस्टमध्ये अजून दोन वर्षांचा करार केलाय, २०२७ च्या ऑगस्टपर्यंत. हो, सही करून झाली. तुम्हाला विचारून करायला हवी होती, पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते तुझं तू बघ, आणि आईचा आवाज ऐकून मी केली नसती. तिकडे कोणी आहे का असं आई आडून विचारते. कोणी नाही आई, असतं तर तुला आधी सांगितलं असतं.

आणि बाळू, वाचतोयस ना? बाबा, बाळूचं लग्न माझ्यासाठी थांबवू नका. मोठ्या बहिणीचं झाल्याशिवाय धाकट्याचं कसं, लोक काय म्हणतील, हे मला माहितीये, वर्षभर तेच चाललंय आणि ती मंडणगडची मुलगी अजून थांबली आहे हेच मोठं. तिच्या घरच्यांनी किती थांबायचं? तिकडे जाऊन बोलून या, बाबा. देवदिवाळीनंतरचा चांगला मुहूर्त धरा, मी तारीख कळली की लगेच रजा टाकते, दहा दिवस तरी मिळतील. माझ्याबद्दल कोणी विचारलं तर सांगा तिला चांगली नोकरी आहे, आणि पुढचं विचारलं तर सांगा तिलाच फोन करा.

पैशाचं असं. इथला एक रुपया म्हणजे आपले दोनाला थोडे कमी, भाडं आणि खाणं जाऊन बरे उरतात. कौलं आणि बागेचं बँकेचं कर्ज एक लाख चाळीस हजार राहिलंय ना, ते मी मार्चपर्यंत पूर्ण फेडते, बाबांनी त्यासाठी आता खालचा तुकडा विकायचा विषय काढू नये. निसर्गनंतर लावलेले माड आता कुठे धरायला लागलेत, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. ऑगस्टमध्ये कमी पाठवले ते नवीन करारामुळे परवान्याचे कागद करायला लागले म्हणून, या महिन्यात भर घालून पाठवलेत, बाळू पासबुक भरून बघ. हॉलचा खर्च माझा. आईने स्वतःच्या पाटल्या मोडायच्या नाहीत, सूनबाईसाठीसुद्धा नाही, मी करते काहीतरी.

ऑफिसातली एक जण ऑक्टोबरात मुंबईहून येतेय, तिच्याकडे थोडी आमसुलं आणि कुळथाचं पीठ द्या, नीट सीलबंद करून. रोप, बिया, ताजं फळ काही नको, विमानतळावर काढून घेतात. आई, लोणच्याची बरणी नको, फुटली तर तिचे कपडे जातील. अर्धा किलो पुरे, तू दोन किलो भरशील मला माहितीये.

आजी, आज चंद्रग्रहण आहे, इथेही दिसणार. तुमच्याकडे रात्री ११ वाजता चंद्र पूर्ण झाकला जाईल तेव्हा माझ्याकडे साडेनऊ. मी लवकर जेवून घेते, तुम्ही सांगितलंय तसं.

बाळू, वाचून झालं की आईला आधी पाणी दे आणि मग मला मिस कॉल दे, कितीही उशीर झाला तरी. तुमच्याकडे बारा वाजले तरी इथे साडेदहाच झालेले असतात, मी जागीच आहे.

तुमची,
बाय