स्कॉटलंडमधल्या विकहून, आजीच्या बोटांबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर सगळं सांगता आलं नाही. बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा, सावकाश.

इथे विकमध्ये आता साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो. ड्यूटी संपवून आले की शेजारच्या आजी खिडकीतून हात करतात, मग मी त्यांच्याकडे चहाला जाते. परवा त्यांनी त्यांच्या आईची सुरी दाखवली. बोटभर लांबीची, लाकडी मुठीची. हेरिंगचं पोट फाडायची.

हेरिंग म्हणजे आपल्या तारलीसारखाच मासा. एकोणिसाव्या शतकात हंगामात या बंदरात हजारावर होड्या लागायच्या. आता सगळं शांत आहे, पण बंदराजवळच्या पल्टनीटाउन भागातली दगडी घरं आणि गोदामं तशीच उभी आहेत. तो भाग थॉमस टेलफर्ड या इंजिनियरने मासेमारीसाठीच आखला होता. मेंढ्यांसाठी जमीनदारांनी हुसकावलेली कितीतरी कुटुंबं तेव्हा अशा किनाऱ्यांवर आली.

आजींची आई सोळाव्या वर्षी लाकडी पेटी घेऊन घराबाहेर पडली. उन्हाळ्यात उत्तरेकडची शेटलंड बेटं, शरदात थेट इंग्लंडमधलं यार्मथ. मासा जसा दक्षिणेकडे सरकायचा, तशा या मुली त्याच्या मागे. तिघींची एक टोळी: दोघी साफ करणार, तिसरी पिंपात मिठाचे थर देत मासे रचणार. होड्या यायची वाट बघतानाही हातात विणकाम. पिंपं जायची जर्मनीला, रशियाला. पहिल्या महायुद्धानंतर तो बाजार बसला आणि हळूहळू ही कामंही गेली.

सुरी लागू नये आणि मीठ जखमेत जाऊ नये म्हणून त्या प्रत्येक बोटाला कापडाच्या पट्ट्या बांधायच्या. तरी मीठ आत जायचंच. म्हातारपणी आईची बोटं सरळ होत नव्हती, एवढं सांगून आजी गप्प झाल्या. मलाही पुढे बोलवेना.

आई, मला तुझी आई दिसली. हर्णैच्या घरामागे खारे बांगडे भरताना अंगठ्याला जुन्या पातळाची चिंधी. मी लहान होते, ती हात धुऊन मला जवळ घ्यायची तेव्हा तो ओला कपडा गालाला लागायचा. तो का बांधलाय, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

इथल्या संग्रहालयात जॉन्स्टन घराण्याने काढलेले फोटो आहेत. १८६३ पासून १९७५ पर्यंत, तीन पिढ्यांनी. पिंपांपाशी उभ्या बायकांचे चेहरे काचेच्या निगेटिव्हवर टिकून राहिलेत. आपल्या आजीचा एकच फोटो आहे, तोही लग्नातला, हात पदराखाली.

म्हणून आई, तू सांग आणि बाबा, तुम्ही वहीत लिहून घ्या. आजीने पहिल्यांदा पाटी डोक्यावर घेतली तेव्हा ती केवढी होती? बंदरावरच्या लिलावात ती स्वतः बोली लावायची का? मीठ कुठून यायचं? पावसाळ्यात घर कशावर चालायचं? क्रम लावत बसू नका, आठवेल तसं येऊ दे.

निघताना आजींनी विचारलं, तुमच्याकडे त्या पट्टीला काय म्हणतात? त्यांच्याकडे क्लूटी. मी म्हटलं, चिंधी. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, आणि सुरी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली.

गुडघ्यांना जपा.

तुमची लेक