जखमीला हात-पाय धरून उचलू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की घोडबंदर रस्त्यावर, माजिवडा-कापूरबावडीच्या पुलांखाली, गायमुखच्या चढावर दुचाकी घसरणे रोजचेच होते. अशा वेळी ठाणेकर नुसते बघत राहत नाहीत, हातातले काम टाकून धावतात. ही फार मोलाची गोष्ट आहे. पण धावून आल्यावर पहिल्या मिनिटात जे होते त्याबद्दल आम्हाला लिहायचे आहे. दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात आणि 'उचला, उचला' म्हणत जखमीची झोळी करून त्याला रिक्षात ठेवतात. मान मागे लोंबत असते, कंबर खाली झुकलेली असते. मणका मोडला असेल, तर अपघातातून वाचलेला मज्जारज्जू (मेंदू आणि शरीर यांच्यात निरोप नेणारा, कण्यातला मज्जातंतूंचा दोर) या उचलण्यात चिरडू शकतो.

आपल्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे असतात. त्याखाली त्रिकाचे (कमरेखालच्या, माकडहाडाच्या वरच्या हाडाचे) ५ आणि माकडहाडाचे साधारण ४ एकमेकांना जुळलेले असतात. प्रत्येक सुट्या मणक्याच्या मागे हाडाचे कडे असते. ही कडी एकावर एक बसून जी नळी तयार होते तिच्यात मज्जारज्जू असतो. त्याची जाडी जेमतेम करंगळीएवढी आणि लांबी मोठ्या माणसात ४० ते ४५ सेंटिमीटर. मेंदूपासून निघून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्याच्या खाली नुसत्या चेतांचा (मज्जातंतूंचा) घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो. भोवती तीन आवरणे आणि पाण्यासारखा पातळ द्रव असतो, पण मोकळी जागा काही मिलिमीटरचीच. मोडलेला मणका तेवढा सरकला तरी पुरे होते.

मज्जारज्जूतून चेतांच्या ३१ जोड्या निघतात आणि कोणती जोडी कुठे जाते हे ठरलेले आहे. मानेतील तिसरी, चौथी आणि पाचवी मिळून श्वासपटल (फुप्फुसांखालचा, श्वास घेताना हलणारा स्नायूचा पडदा) हलवतात. म्हणून याच्या वर रज्जू पूर्ण दुखावला तर माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. पाचवी-सहावी जोडी कोपर वाकवते, सातवी ते सरळ करते, आठवीवर बोटांची पकड अवलंबून असते. मार मानेत एका मणक्याने वर लागला की खाली, एवढ्यावर पुढे स्वतःच्या हाताने घास घेता येईल का, हे ठरू शकते. पाठीत मार लागला तर हात शाबूत राहतात, पण पाय जातात. आणि पायांपेक्षा जास्त छळते ते लघवी-शौचावरचा ताबा जाणे. त्वचेला दुखणे कळत नसल्याने पडून पडून जखमा होतात, म्हणून घरच्यांना दर दोन तासांनी रात्रीसुद्धा कूस बदलून द्यावी लागते.

हाताची चेता तुटली आणि नीट शिवली तर ती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते, महिन्यांनी का होईना संवेदना परत येऊ शकते. तिच्याभोवतीच्या पेशी नव्या तंतूला वाट करून देतात. मज्जारज्जूत तसे होत नाही. तिथले वेष्टन आणि जखमेचा वण वाढ अडवतात. शिवाय दुखापतीनंतर काही तास सूज वाढत जाते आणि रक्तदाब व प्राणवायू कमी पडला तर अर्धवट वाचलेले तंतूही मरतात. म्हणून पहिले तास जपायचे.

जखमी शुद्धीवर असेल तर आहे तसाच राहू द्या. मान दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, पायाची बोटे हलतात का, एवढेच विचारा. 'मान हलवून दाखव' असे चुकूनही म्हणू नका. बेशुद्ध माणसाची मान दुखावली आहे असेच धरून चाला. एकाने डोक्याच्या मागे गुडघे टेकून बसावे, कोपरे जमिनीवर किंवा मांडीवर टेकवावीत आणि दोन्ही तळहातांनी कानांच्या बाजूने डोके स्थिर धरावे. कान झाकू नयेत, त्याला ऐकू आले पाहिजे. डोके वाकडे असेल आणि सरळ करताना दुखत किंवा अडत असेल, तर वाकडेच धरा. दुसऱ्याने १०८ लावावा. पाणी पाजू नका. त्यासाठी डोके उचलले की मान वाकते आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही असतो.

हेल्मेट राहू द्या, काच वर करा. श्वास अडत असेल तरच काढा, तेही दोघांनी: एकाने खालून हनुवटी आणि मानेचा मागचा भाग धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाजूंना ताणून हळूहळू ओढायचे. नाकाशी आणि डोक्याच्या मागच्या फुगवट्याशी ते अडते, तिथे घाई नको. उलटी झाली तर मात्र थांबता येत नाही, कुशीवर वळवावेच लागते. चौघे हवेत: एक डोक्याशी, तिघे एकाच बाजूला, हात खांदा, कंबर आणि गुडघ्यांवर. डोके धरणाऱ्याने 'एक, दोन, तीन' म्हणायचे आणि लाकडाचा ओंडका वळवावा तसे सगळे शरीर एकदम वळवायचे. श्वासच चालत नसेल तर मणक्याचा विचार बाजूला ठेवून छाती दाबायला घ्या. आग लागली किंवा रहदारी थांबतच नसेल, तर खांद्याजवळचे कपडे धरून, डोके दोन्ही हातांच्या मध्ये ठेवून शरीराच्या लांबीच्या दिशेने सरळ ओढा. आडवे खेचू नका.

आता रिक्षाचे. पाच-साडेपाच फुटांचा माणूस मागच्या सीटवर आडवा मावतच नाही. हनुवटी छातीला टेकते, वर खड्ड्यांचे दणके. रुग्णवाहिका कोंडीत अडकते हे आम्हाला मान्य आहे. थांबणे अशक्यच झाले, तर दुकानाची फळी किंवा दार घ्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावा आणि टेम्पोत आडवे न्या.

ओंडक्यासारखे वळवणे वाचून येत नाही, हातांना सवय लागते. म्हणून महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना विनंती आहे की वॉर्डन, रिक्षा स्टँडवरचे चालक आणि सोसायट्यांचे सुरक्षारक्षक यांच्याकडून पावसाळ्यापूर्वी दोन तास हा सराव करून घ्यावा. घोडबंदरच्या प्रत्येक चौकीत एक सपाट फळी व पट्टे ठेवावेत. पोलिसांच्या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी एवढेच, की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४ अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्तीही नाही.

पत्राला जागा दिलीत तर, शक्य असल्यास, डोके दोन्ही हातांनी धरण्याचे साधे रेखाचित्र सोबत छापावे. आम्ही ते काढून पाठवतो.

– मज्जारज्जूच्या रुग्णांसोबत काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट, ठाणे (प.)