अण्णा, तुम्ही तो कागद आईच्या बाजूला फिरवलात

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे लिहू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं अण्णा. देवगडात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

परवा सातबाऱ्यावर आईचं नाव चढलं. उतारा हातात घेऊन ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग म्हणाली, "अण्णांका कळवलंस काय?" फोन लावला, पण मला नीट बोलताच येईना. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर.

बाबा गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे आले. त्यातून गावाकडे एक घर घ्यावं, एवढीच आईची इच्छा होती. तेवढ्यात पेपरात बँकेच्या लिलावाची नोटीस आली. चिरेबंदी घर, मागे आगर, आगरात हापूसची कलमं, आणि किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. मग ज्याला विचारावं तो एकच सांगे, "बँकेची प्रॉपर्टी म्हणजे कागद क्लिअरच असणार." बँकेतले साहेब तेच म्हणाले. ज्या वकिलांना आम्ही फी मोजली, त्यांनी मिळकतीचे मागच्या १३ वर्षांचे कागद तपासल्याचा सर्च रिपोर्ट दिला आणि खाली शिक्का मारून मोकळे झाले. लिलावाच्या अटींत 'जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे' असं छापलेलं होतं. पुढे काही निघालं तर ते घेणाऱ्याच्या गळ्यात, असा त्याचा अर्थ. तो आम्हाला समजावून सांगायला मात्र कुणाला सवड झाली नाही. मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. पैसे आईचे, सही आईची, पण त्या टेबलांवर एकानेही तिच्याकडे बघून एक वाक्य बोललं नाही. सगळं माझ्याशी. ती शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

आणि मग तुमची ओटी. तलाठी म्हणून निवृत्त होऊन तुम्हाला कितीतरी वर्षं झालेली, आमची ओळखही दूरची. तुम्ही चष्मा पुसलात, जुन्या फेरफारांच्या, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदींच्या, नकला एकेक करून चाळल्यात आणि एका नकलेशी थांबलात. ती उचलून तुम्ही माझ्यापुढे केली नाहीत. आईच्या बाजूला फिरवून ठेवलीत. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने त्या घराण्याची वंशावळ काढलीत. आजोबा, वडील, दोन मुलगे. त्यांच्या शेजारी तिसरी चौकट काढून ती रिकामी ठेवलीत आणि त्यावर बोट टेकवून म्हणालात, "वैनी, ह्या चौकटीत माणूस आसा. तिका इचारल्याशिवाय पैशे भरू नकात."

ती त्या दोन भावांची बहीण. वडील वारले तेव्हाच्या वारसनोंदीत तिचं नाव होतं. पुढच्या फेरफारात ते गायब. तिने हक्क सोडला म्हणून नुसता एक जबाब, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र कुठेच नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, तो असा जबाबावर पुसला जात नाही, आणि फेरफार ही महसुलाची नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही, हे तुम्ही आईला तिच्या चालीने समजावलंत. १३ वर्षांच्या सर्चमध्ये हे येणार कुठून? तो फेरफारच त्याच्या कितीतरी आधीचा.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत, आणि तीही तेवढीच मोठी निघाली. बिनशेतीचा आदेश फक्त घराखालच्या हिश्शाचा होता. आगराचा हिस्सा नंबर वेगळा आणि तो अजून शेतीच. थकलेल्या कर्जाच्या वसुलीच्या ज्या सरफेसी कायद्याखाली बँक हा लिलाव करत होती, त्या २००२ च्या कायद्यातलं ३१ वं कलम शेतजमीन त्यातून वगळतं. नोटिशीत मात्र घर आणि आगर एकाच ओळीत. आगरातली हापूसची कलमं बघूनच तर आम्ही भुललो होतो.

बोली लागली असती तर २५ टक्के त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचे होते. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. चुकलं की भरलेले जप्त. बाबांनी नोकरीभर साठवलेलं सगळं त्यात गेलं असतं. गप्प बसला असतात तरी तुम्हाला कोणी बोल लावला नसता. आमच्याकडे शिक्का मारलेला रिपोर्ट होताच की.

आत्ताचं घरही बँकेकडूनच घेतलं, हे वाचणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. बँकेची मिळकत वाईट असते असं नव्हे. या घराचे वारस तुम्ही मुळापासून जुळवलेत, घर आणि आवार सगळं बिनशेतीत असल्याची खात्री केलीत, गडग्याच्या कडेने चालत हद्द नकाशाशी ताडून पाहिलीत, आणि मगच आईला म्हणालात, "आता भरा."

आपल्या कोकणात सामाईक नावांच्या आणि भाऊबंदकीच्या गुंत्याची चेष्टा फार होते. पण तो गुंता ज्यांना वाचता येतो, आणि वाचून जे खरं ते तोंडावर सांगतात, अशी तुमच्यासारखी माणसं गावोगाव आहेत. कुणाची जुनी नक्कल लावून देतील, कुणाला मोडीतला कागद वाचून दाखवतील. त्यांच्या दारावर पाटी नसते. ज्या बहिणीला तुम्ही कधी पाहिलंही नाही, तिच्यासाठी तुम्ही चौकट काढलीत, अण्णा. आई ते अजून बोलून दाखवते.

यंदा चतुर्थीला नव्या घरात पहिला गणपती आहे. तुम्ही आणि काकी जेवायला यायचंच. गाडी मी पाठवते, एसटीच्या भानगडीत पडू नका.

तुमची,
वैनींची थोरली