लू व्हिटेकरला अकरा मते कमी पडली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमविषयी मराठीत जे थोडेफार छापून येते, त्याचा रोख बहुतेक वेळा बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांच्यावर असतो. उत्तेजकांच्या आरोपांवरून ७६२ होम रन मारणारा बाहेर, सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) साय यंग पुरस्कार सात वेळा मिळवणारा बाहेर, मग या मानाला अर्थ काय उरला, असा तो सूर. प्रश्न वाजवी आहे. पण या दोघांच्या नावावर दहा वर्षे खल झाला आणि शेवटच्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, दोघांनाही ६५ टक्के किंवा त्याहून जास्त मते पडली. ज्यांच्यावर एक वर्षसुद्धा धड चर्चा झाली नाही, असे खेळाडू वेगळेच आहेत आणि खरी फिर्याद त्यांची आहे. पहिले नाव डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) लू व्हिटेकर, दुसरे सेंटर फील्डर (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभा राहणारा) केनी लॉफ्टन.

आधी नियम सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. न्यू यॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावात हे दालन आहे. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा आणि निवृत्तीनंतर पाच वर्षे गेलेली हवीत. मत देतात ते बेसबॉल लेखकांच्या संघटनेत सलग दहा वर्षे सदस्य राहिलेले पत्रकार. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. ७५ टक्के मते मिळाली की प्रवेश. पाच टक्क्यांच्या खाली गेला तो, पहिलेच वर्ष असले तरी, पत्रकारांच्या यादीतून कायमचा बाद. मधले सगळे पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत, अशी दहा वर्षे. २०१४ पर्यंत ही मुदत पंधरा वर्षांची होती. कोरी पत्रिका पाठवली तरी ती एकूण मतांत धरली जाते. २०२१ मध्ये अशा चौदा कोऱ्या पत्रिका आल्या आणि कोणीच निवडला गेला नाही. कर्ट शिलिंग सोळा मतांनी हुकला. (कोऱ्या पत्रिका वजा केल्या तरी तो सहा मतांनी मागेच राहिला असता, हेही सांगायला हवे.)

पाच टक्क्यांचा हा उंबरठा वरवर निरुपद्रवी वाटतो. ज्याला वीसात एकही मत नाही, त्याला पुन्हा कशाला विचारायचे? पण ७५ टक्क्यांपर्यंत पोचलेले कितीतरी जण तळापासून वर आले आहेत. स्कॉट रोलेनला २०१८ मध्ये १०.२ टक्के मते होती, २०२३ मध्ये ७६.३ झाली. बिली वॅग्नर १०.५ टक्क्यांवरून दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी ८२.५ टक्क्यांवर गेला. या काळात त्यांच्या नावावर एक धाव वाढली नाही की एक स्ट्राइकआउट वाढला नाही. वाढली ती मतदारांची समज. समज वाढायला वेळ लागतो, आणि पाच टक्क्यांचा नियम नेमका तोच वेळ काढून घेतो.

व्हिटेकरचे काय झाले ते पाहा. २००१ मध्ये ५१५ पत्रिका आल्या. टिकून राहायला २६ मते हवी होती, त्याला १५ मिळाली. त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये) खेळणारा अ‍ॅलन ट्रॅमेल पुढच्याच वर्षी पत्रिकेवर आला, पंधरा वर्षे टिकला, कधी ४१ टक्क्यांच्या वर गेला नाही. पण नाव जिवंत राहिले आणि डिसेंबर २०१७ मध्ये, पत्रकारांकडून सुटलेल्यांचा विचार करणाऱ्या समितीने त्याला आत घेतले. या जोडीने डेट्रॉइटकडून १,९०० हून जास्त सामने एकत्र खेळले, असंख्य डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघांना बाद करणे) पुरे केले, १९८४ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. डबल प्ले दोघांनी मिळून करायचा असतो. एकाच्या हातातून चेंडू दुसऱ्याच्या हातात गेल्याशिवाय तो होत नाही. दालनात मात्र अर्धाच डबल प्ले आहे.

मतदारांना व्हिटेकर का दिसला नाही? त्याची बॅटिंग सरासरी, म्हणजे यशस्वी फटक्यांचे प्रमाण, .२७६. सेकंड बेसमनसाठी बरी, डोळ्यांत भरणारी नाही. पण या सरासरीत वॉक धरत नाहीत. पिचरने स्ट्राइक झोनच्या बाहेर चार चेंडू टाकले आणि बॅटरने मोह आवरला, तर पहिला बेस फुकट मिळतो. आपल्याकडे वाइडची धाव फलंदाजाच्या नावावर चढत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की वॉकमध्ये बॅटरचा संयम मोठा असतो आणि तो खेळाडू बेसवर जाऊन पुढे धाव होऊ शकतो. व्हिटेकरने असे १,१९७ वॉक मिळवले. ते धरले तर बेसवर पोचण्याचे त्याचे प्रमाण .३६३ होते. वर २४४ होम रन आणि क्षेत्ररक्षणाचे तीन गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. २००१ मध्ये बहुतेक पत्रकार अजून सरासरी, होम रन आणि आरबीआय (फटक्यामुळे संघाला मिळालेल्या धावा) एवढेच पाहत होते. आज बॅटिंग, बेसवरची धाव आणि क्षेत्ररक्षण एकत्र करून, सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने किती विजय जादा मिळवून दिले, ते 'वॉर' या आकड्याने मोजतात. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबाने व्हिटेकरचा वॉर ७५ आहे. त्याच जागेवर खेळून आत गेलेल्या राइन सँडबर्गचा ६८, रॉबर्टो अलोमारचा ६७, क्रेग बिजिओचा ६५ च्या आसपास. डिसेंबर २०२५ मध्ये समितीने निवडलेल्या जेफ केंटचा ५५.

त्याच्याविरुद्धचा मुद्दा लपवत नाही. कारकिर्दीची बेरीज मोठी असली तरी शिखर तेवढे उंच नाही. सर्वोत्तम सात हंगामांचा वॉर घेतला, तर दालनातल्या सरासरी सेकंड बेसमनपेक्षा तो कमी पडतो. एका हंगामात सगळ्यांना झाकोळून टाकले असे त्याने कधी केले नाही. पण एकोणीस हंगाम, एकच संघ आणि घसरण जवळजवळ नाहीच, हे वजन पहिल्याच फटक्यात २.९ टक्क्यांना निकालात काढण्याजोगे खात्रीने नव्हते.

लॉफ्टनच्या वेळी दोष वेगळा होता: गर्दीचा. २०१३ ची मतपत्रिका आठवा. बाँड्स, क्लेमेन्स, सोसा, पियाझा, बिजिओ, शिलिंग हे सगळे त्याच वर्षी नव्याने आले. आधीपासून रांगेत बॅगवेल, टिम रेन्स, जॅक मॉरिस, ली स्मिथ, एडगर मार्टिनेझ, ट्रॅमेल, लॅरी वॉकर, मॅकग्रिफ. खुणा दहा, नावे त्याहून कितीतरी जास्त. बाँड्स आणि क्लेमेन्सला मत देणाऱ्याच्या दोन जागा तिथेच गेल्या, न देणाऱ्यांच्या नकाराने ते दोघे पुढच्या वर्षीही जागा अडवून बसले. त्या वर्षी पत्रकारांनी एकालाही निवडले नाही, आणि ५६९ पैकी १८ मते मिळून लॉफ्टन बाद झाला. २९ हवी होती. ६२२ स्टोलन बेस (फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठणे), १९९२ ते १९९६ सलग पाच वर्षे अमेरिकन लीगमध्ये बेस चोरण्यात पहिला, सेंटर फील्डला चार गोल्ड ग्लव्ह, वॉर ६८. त्याच धाटणीच्या टिम रेन्सचा वॉर ६९. रेन्स २००८ मध्ये २४ टक्क्यांवर सुरू झाला आणि दहाव्या वर्षी आत गेला. दोघांत फरक आकड्यांचा कमी, पत्रिकेवर येण्याच्या वर्षाचा जास्त. दहाऐवजी बारा खुणांची मुभा द्यावी, अशी शिफारस लेखक संघटनेनेच नंतर केली. दालनाच्या संचालकांनी ती मानली नाही.

मग समित्या कशाला आहेत, असे कोणी म्हणेल. पत्रकारांकडून सुटलेल्यांसाठी सोळा जणांची समिती असते हे खरे. तिच्यापुढे आठ नावे ठेवतात, प्रत्येक सदस्याला फक्त तीन खुणा, निवडीसाठी बारा मते. म्हणजे एकूण जास्तीत जास्त ४८ मते. डिसेंबर २०२५ मध्ये केंटला १४, कार्लोस डेलगाडोला ९, मॅटिंग्ली आणि मर्फीला ६-६ मिळाली; उरलेल्या फार तर १३ मतांत बाँड्स, क्लेमेन्स, शेफील्ड आणि व्हॅलेन्झुएला या चौघांनी वाटून घ्यायचे. त्यातच नवा नियम आला आहे: पाचापेक्षा कमी मते मिळाली तर पुढच्या फेरीत नाव येणार नाही, आणि असे दोनदा झाले तर कधीच नाही. पत्रकारांच्या पत्रिकेतला जो दोष होता, तोच समितीत आणून बसवला. शिवाय आठांच्या यादीत नाव येणे ही वेगळीच शर्यत. २०१९ मध्ये व्हिटेकरला समितीत सहा मते मिळाली होती. त्यानंतर २०२२ आणि २०२५ या दोन्ही याद्यांत तो नव्हता. २०१९ च्याच बैठकीत टेड सिमन्स निवडला गेला. तो १९९४ मध्ये ३.७ टक्के मते मिळून पत्रकारांच्या यादीतून बाद झाला होता. चूक दुरुस्त व्हायला पंचवीस वर्षे लागली.

दारे सैल केली तर कोणीही आत येईल, ही भीती दाखवताना हॅरल्ड बेन्सचे उदाहरण देतात. पत्रकारांकडे तो कधी ६.१ टक्क्यांच्या वर गेला नाही, आणि २०१८ मध्ये सोळापैकी बारा मतांनी निवडला गेला. पण त्या समितीत त्याचा जुना मॅनेजर टोनी ला रुसा आणि व्हाइट सॉक्सचा मालक जेरी राइन्सडॉर्फ बसले होते. हा दोष ओळखीचा आहे, उंबरठ्याचा नाही. ज्या संघांशी सदस्याचा संबंध आहे, त्यांच्या खेळाडूंवर त्याने मत देऊ नये, एवढा साधा नियम पुरे होता.

उत्तेजकांबद्दल थोडक्यात. १९९१ मध्ये बेसबॉलचे कमिशनर (सर्वोच्च प्रशासक) फे व्हिन्सेंट यांनी परिपत्रक काढून स्टेरॉइड्सना मनाई केली, पण चाचणी नव्हती. शिक्षेसह चाचणी २००४ पासून. त्यानंतर पकडले गेलेले मॅनी रामिरेझ (दोनदा) किंवा २०१४ चा अख्खा हंगाम निलंबित राहिलेला अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज यांना मी मत देणार नाही. नियम, चाचणी आणि शिक्षा तिन्ही माहीत असताना त्यांनी ते केले. बाँड्स आणि क्लेमेन्स यांना देईन, कारण त्या काळात कमिशनर असलेले बड सेलिग २०१७ मध्येच सन्मानाने आत गेले आहेत. पीट रोझचे ४,२५६ हिट्स मान्य, पण मॅनेजर असताना स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैसे लावणे ही गोष्ट वेगळ्या जातीची. मे २०२५ मध्ये त्याच्यावरील बंदी उठली, त्यामुळे डिसेंबर २०२७ मध्ये त्याचे नाव समितीपुढे येऊ शकते. तेव्हा आपल्या पानावरही दोन कॉलम सहज जातील.

दुरुस्ती अवघड नाही. पाच टक्क्यांची अट पहिल्या दोन वर्षांना लावू नये, तिसऱ्यापासून लावावी. दहा खुणांची मर्यादा काढावी. शंभरपैकी पंचाहत्तर जणांना पटवायचे असल्याने भेसळ होण्याची धास्ती नाही. प्रत्येक पत्रिका जाहीर व्हावी. हे पत्रकारांनी बहुमताने मागितले होते आणि २०१७ मध्ये दालनाने नाकारले.

उशीर म्हणजे काय, हे डिक अ‍ॅलनच्या बाबतीत दिसले. २०१४ मध्ये तो एका मताने हुकला. डिसेंबर २०२० ची बैठक साथीमुळे पुढे ढकलली गेली आणि ती ज्या आठवड्यात व्हायची होती, त्याच आठवड्यात तो वारला. पुढच्या वर्षी पुन्हा एका मताने हुकला. निवड झाली डिसेंबर २०२४ मध्ये. त्याच बैठकीत निवडलेला डेव्ह पार्कर जुलै २०२५ च्या सोहळ्याच्या महिनाभर आधी गेला. व्हिटेकरच्या काळातल्या खेळाडूंची पुढची यादी डिसेंबर २०२८ ची आहे. तेव्हा तो ७१ वर्षांचा असेल, आणि आधी आठ नावांत यायला हवा.

आपला,
एक वाचक, नाशिक