आधी हात बघ, मग नक्षी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माझ्या पैठणीच्या पदराचे जवळून काढलेले फोटो पाठव म्हणालीस. काढले, बघितले आणि पाठवले नाहीत. फोटोत मोर छान आलाय, पण तो मोर तुला कुठल्याही साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत मिळेल. तुला त्यापेक्षा जास्त काहीतरी द्यावं असं वाटलं, म्हणून हे पत्र. लांबलंय, मेसच्या रांगेत उभ्याने वाचू नकोस.

‘पारंपरिक कारागिरीतून प्रेरणा’ असा विषय मिळाला की तुम्ही मुलं मोर, कुयरी, कमळ उचलता आणि उशीच्या अभ्र्यावर नाहीतर मोबाइलच्या कव्हरवर नेऊन बसवता. त्यात गैर काही नाही, विकलंही जातं. पण मला विचारशील तर उचलायची गोष्ट मोर नाहीच. तो मोर तसाच का झाला, ते बघ.

दिवाळीला आलीस की पैठणीचा पदर उलटा करून खिडकीशी धर. उलटी बाजू कुठली हे पटकन सांगता येणार नाही. मग मोराच्या मानेवर भिंग धर. लांबून जो डौलदार बाक दिसतो, त्याच्या जवळून बारीक बारीक पायऱ्या होतात. ताण्याचे धागे उभे, बाण्याचे आडवे. त्या जाळीत गोलाई काढायची तर एक-दोन धागे सरकत सरकतच जावं लागतं. पैठणीचा मोर राजहंसासारखा लवचिक नसून थोडा ताठ, चौकोनी दिसतो, त्याचं कारण हे. चित्रकाराने काढला असता तर तो वेगळा झाला असता.

आता येवल्याला पैठणीच्या मागावर काय चालतं ते ऐक. साडीच्या अंगावर धोटा, म्हणजे बाण्याचा धागा नेणारी नळी, भराभर इकडून तिकडे जातो. पदराशी आलं की त्याचं काम थांबतं. तिथे प्रत्येक रंगाची स्वतंत्र टिल्ली, म्हणजे रेशीम गुंडाळलेली छोटी कांडी. विणकर बोटाने ताण्याचे धागे मोजतो, तेवढ्याच धाग्यांतून टिल्ली पलीकडे काढतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. एका ओळीत असे कितीतरी रंग. ओळ पुरी झाली की फणी ठोकायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा मोजणी. रंग जिथे संपतो तिथूनच धागा वळतो, मागे लोंबत राहत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या. यंत्रमागावरच्या सेमी-पैठणीची मागची बाजू बघितलीस की फरक लगेच कळेल, तिथे सुटे धागे असतात किंवा कापून टाकलेले असतात. (सेमी-पैठणी नेसणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. पाच-सहा हजारांत हौस होत असेल तर होऊ दे. फक्त ती हातमागाची म्हणून विकू नये.)

रंगाचंही तसंच. माझी पैठणी कधी हिरवी दिसते, कधी जांभळट. तो काही रंगाऱ्याचा चमत्कार नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, बस्स. उजेड ज्या कोनातून पडेल तसा एकेक धागा पुढे येतो. याला धूपछाँव म्हणतात. माधवराव पेशव्यांनी आसावलीचे, म्हणजे फुलवेलीच्या नक्षीचे, दुपट्टे मागवले तेव्हा लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंग कळवले होते म्हणतात. गिऱ्हाईक तेव्हाही चोखंदळच होतं!

येवला झालं. आता घराजवळ ये. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतून तू शाळेत जायचीस आणि कानांवर हात ठेवायचीस. ती ठकठक कसली, हे तुला कधी नीट सांगितलं गेलं नाही. तांब्याचा पत्रा ठोकून वाकवला की तो कडक होतो. आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून मधेमधे भट्टीत लाल होईपर्यंत तापवून नरम करायचा, चिंचेने वगैरे काळपटपणा काढायचा आणि पुन्हा ठोकायला घ्यायचा. भांड्याला आकार आला, आता शेवटची पायरी मठारकामाची. घागर लोखंडी दांड्याच्या टोकावर उपडी अडकवतात आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ठोक्याशेजारी ठोका देत, ओळीओळीने, भांडं हळूहळू फिरवत जातात. प्रत्येक ठोक्याचा एक चपटा, आरशासारखा ठिपका उमटतो. आपण त्याला नक्षी म्हणतो. तांबटाच्या लेखी तो तांब्याला शेवटचा कडकपणा आणण्याचा उद्योग आहे. पातळ पत्र्याची घागर पाण्याने भरून कमरेवर घेतली तरी तिला पोचे पडत नाहीत, ते त्या ठिपक्यांमुळे. आधीच्या ठोक्यांचे खड्डे-उंचवटेही त्यात झाकले जातात.

एकदा तिथे उभी राहून फक्त आवाज ऐक. ताल बिघडला की ठिपके लहानमोठे होतात. कारागीर डोळ्यांइतकाच कानांनी काम करतो. गीझर आले, बंब गेले. स्टील आलं, हंडे माळ्यावर गेले. आता तीच माणसं दिव्यांच्या छत्र्या, ट्रे, फुलदाण्या ठोकतात. काही जणांना ते पोटासाठी केलेलं बाटगं काम वाटतं. मला नाही वाटत. हातोडी तीच, पत्रा तोच, ठिपका तोच. मला खटकतात ते मशीनवर ठिपके छापलेले तांबे. त्या ठिपक्यांना काही कामच उरलेलं नसतं, आणि ते बघताक्षणी कळतं, कारण सगळे एकसारखे.

माझं माहेर उदगीरचं, तेव्हा बिदरी, म्हणजे काळ्या धातूत चांदी बसवण्याची कला, सोडून पुढे जाणं मला जमणार नाही. आमच्याकडून बीदर अगदी जवळ. आजोबांच्या पानाच्या डब्यावरची ती पांढरी वेल तुला आठवत असेल. काळ्यावर चांदी इतकी उठून दिसते, तर काळा रंग कुठून येतो? तो लावलेला नसतो. भांडं मुळात जस्ताचं असतं, साधारण 16 भाग जस्ताला एक भाग तांबं. वाळूच्या साच्यात ओततात, कानशीने घासतात, तेव्हा ते पांढुरकं असतं. त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे खोदताना रेघ दिसावी. मग छिन्नीने चर पाडायचे आणि त्यात चांदीची तार ठोकून बसवायची, ही तारकशी. पुन्हा घासलं की चांदी पांढरी आणि जस्तही पांढरं, वेल जवळजवळ दिसेनाशी होते! शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडं बुडवायचं. जस्त काळंभोर होतं, चांदीला काहीही होत नाही. ही माती ऊनपावसापासून झाकलेल्या जुन्या भागातली लागते, आणि जाणकार कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. एवढी मेहनत केलेली वेल शेवटच्या काही क्षणांत वर येते. माझ्या मते साऱ्या हस्तकलेत इतका नाट्यमय क्षण दुसरा नसेल, पण मी माहेरची बाजू घेते असं तुझे बाबा म्हणतात.

वारलीबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या वर्गात निम्मी मुलं तीच घेणार. ती मुळात लग्नघराच्या भिंतीवरची, सवाशिणींनी लिहिलेल्या देवचौकाची, म्हणजे देवीभोवतीच्या चौकटीची. गेरूची किंवा शेणामातीची भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक ठेचलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मूळ आकारात कुठे बघायला मिळालं तर जरूर बघ. बारीक रेघांनी विणलेलं मासेमारीचं जाळं बघताना मान अवघडते. कपावर छापलेल्या दोन त्रिकोणी माणसांत त्यातलं काही उतरत नाही.

आणि हॉस्टेलवर तुझ्या अंगावर आजीची गोधडी आहेच. तिचे टाके कडेने सुरू होऊन आत आत जातात, चौकोनात चौकोन. जुन्या लुगड्यांचे थर सरकू नयेत म्हणून ते टाके. जिथे कापड विरलं होतं तिथे आजीने ठिगळ लावलं आणि टाके दाट घातले. उजेडात आडवी धरलीस तर नेमकं कुठे ते बोटाला लागेल. ती धुवायला मशीनमध्ये टाकू नकोस, कितीदा सांगितलं.

तेव्हा तुझ्या प्रोजेक्टसाठी माझं एवढंच म्हणणं आहे: वहीत आकृत्या कमी आणि कृती जास्त उतरव. धागा कुठे वळतो, ठोका कशासाठी, रंग कधी येतो. त्यातून तुला प्लास्टिकची खुर्ची सुचेल किंवा पडद्याचं कापड सुचेल, मोर त्यात नसला तरी मला चालेल. तुझ्या सरांना चालेल का, ते तू बघ.

येवल्याला दिवाळीनंतर जाऊ, आधी विणकरांची घाई असते. माग घरातच असतो, तेव्हा चपला बाहेर काढायच्या आणि चहाला नाही म्हणायचं नाही. तो मोजत असताना बोलू नकोस, ओळ संपून फणी पडली की विचार. भाव करायला मी येणार नाही, तूही करू नकोस. आणि मागावर बसलेल्या माणसाशीच बोलून निघू नकोस. रेशीम उकलायचं, कांड्या भरायच्या ही कामं बहुतेक घरातल्या बायका करतात. त्यांच्याजवळ बस, एखादी कांडी स्वतः भरून बघ, आणि या कामाचे पैसे त्यांना वेगळे मिळतात का ते विचार. तुमच्या कॉलेजच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नसेल, तर पेनाने आखून घे.

तुझी,
आई